वेदनारहित रक्तमूत्रता, मूत्रावरोध व बस्तीचा प्रारंभिक कर्करोग

धाराशिव जिल्ह्यात चैत्र-वैशाखात ‘उन्हाळी लागली’ म्हणून येणाऱ्या रुग्णांची वाण नसते. दाह, अल्पमूत्रता, क्वचित लालसर मूत्र असे हे उष्णवाताचे चित्र असते. धने-जिऱ्याचे पाणी, गोक्षुर, चंद्रप्रभा यांनी बहुतेकांस उपशय मिळतो. परंतु पन्नाशी ओलांडलेला, वर्षानुवर्षे विडी ओढणारा रुग्ण जेव्हा दाह वा वेदना नसताना मूत्र लाल झाल्याचे सांगतो, तेव्हा वैद्याने थबकावे. बस्तीच्या कर्करोगाचे सर्वाधिक आढळणारे प्रथम लक्षण हेच होय.

हा रक्तस्राव आपोआप थांबतो, हीच त्यातील मेख. चार दिवसांत मूत्र स्वच्छ होते, श्रेय औषधास मिळते आणि अर्बुद आत वाढत राहते. उपशय हे निदानाचे साधन खरे; येथे मात्र ते फसवे ठरते. सोनोग्राफी निर्दोष आली तरी लहान वा सपाट विकृती तीत सुटू शकते, म्हणून दुर्बिणीने बस्तिपरीक्षण आवश्यक आहे.

चरकाचार्यांनी सिद्धिस्थानाच्या नवव्या अध्यायात तेरा मूत्रदोषांमध्ये रक्तग्रंथी वर्णिली आहे. बस्तिद्वाराशी ग्रंथी होऊन मूत्र कष्टाने प्रवृत्त होते, असे ते वर्णन. तिलाच कर्करोग म्हणणे ही ओढाताण होईल. तथापि रक्ताच्या गुठळ्यांनी किंवा बस्तिमुखाजवळील अर्बुदाने मूत्र अडते, हे प्रत्यक्ष आहे. वृद्ध पुरुषांत मूत्रावरोधाचे कारण बहुधा पौरुषग्रंथीची वृद्धी असते. पण सोबत रक्त असेल तर तेवढ्यावर थांबू नये. मूत्र पूर्ण अडलेले असताना मूत्रल औषधे देऊ नयेत. जाड कॅथेटरने गुठळ्या धुऊन काढाव्या लागतात, आणि ते रुग्णालयाचे काम आहे.

निदानसमयी सुमारे तीन चतुर्थांश अर्बुदे बस्तीच्या मांसस्तरात शिरलेली नसतात. ती मूत्रमार्गातूनच दुर्बिणीने खरवडून काढता येतात. पुनरुद्भवाचा धोका अधिक असल्यास बी.सी.जी. लस बस्तीत आठवड्यातून एकदा, अशी सहा वेळा सोडतात व पुढेही अंतराने देतात. क्षयावरील लशीचा हा उपयोग मोरालेस यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. रोग मांसस्तरात गेल्यावर मात्र बहुधा बस्तीच काढावी लागते. विलंबाची किंमत ती हीच. पुनरुद्भव वारंवार होत असल्याने शस्त्रकर्मानंतर तीन महिन्यांनी पहिले परीक्षण चुकवू देऊ नये. बी.सी.जी.नंतर एक-दोन दिवस दाह व कणकण असते. तीव्र वा टिकून राहिलेला ज्वर असल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णास उपचार करणाऱ्या रुग्णालयात परत पाठवावे.

आपल्या जिल्ह्यास कर्करोगाची नोंद नवी नाही. भूम व परंडा तालुक्यांतील गावे बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत आहेत. ती १९८७ मध्ये सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयही या भागास जवळचे.

औषधालयांसाठी दोन गोष्टी. लाल मूत्रासाठी तेच चूर्ण दुसऱ्यांदा मागणाऱ्या गिऱ्हाइकास वैद्याकडे पाठवावे. आणि ईश्वरी, म्हणजे सापसन, पोटात घेण्यासाठी विकू नये. ॲरिस्टोलोकिया कुळातील या वनस्पतीमधील आम्ल वृक्क व मूत्रवह स्रोतसास घातक असून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते निश्चित कर्करोगकारक द्रव्यांत गणले आहे.