‘म्हणे’ : ऐकीव माहितीची खूण

विरारच्या मनवेलपाड्यातून अर्नाळ्याला सहलीसाठी जाणे नित्याचे आहे. तेथील किनाऱ्यासमोरच्या बेटावर १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला जलदुर्ग आहे. अशाच एखाद्या बेटावर जुनी धर्मशाळा आहे, अशी कल्पना करा. मुक्कामाचा बेत ठरताच कोणी सांगते : ‘तिथं म्हणे रात्री पैंजण वाजतात.’

हे ‘म्हणे’ मूळचे ‘म्हणणे’ या क्रियापदाचे रूप. परंतु येथे त्याला कर्ता नाही, लिंगवचनानुसार ते बदलतही नाही. माहिती ऐकीव आहे, एवढेच ते सुचवते. ‘असे लोक म्हणतात’ या वाक्यात निदान ‘लोक’ तरी असतात. ‘म्हणे’मध्ये जाब विचारावा असा कोणीच उरत नाही. म्हणूनच ‘काल मी म्हणे भूत पाहिले’ हे वाक्य खटकते. दुसऱ्याने आपल्याविषयी केलेला दावा उपहासाने परतवायचा असेल, तरच ते चालते.

आता ‘म्हणे’ गाळून पाहा : ‘तिथं रात्री पैंजण वाजतात.’ ऐकीव गोष्ट वस्तुस्थिती होऊन बसली! चार तोंडांतून जाताना हा शब्द सहज गळतो. पैंजण कोणी ऐकलेले नसतात. उतारू मात्र खरोखरच येईनासे होतात आणि रखवालदाराची नोकरी जाते.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील अशा एका जागेविषयी वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत त्यांच्याच शब्दांत लिहा. प्रत्येक ‘म्हणे’ अधोरेखित करा आणि तो कोठे गळला आहे, तेही नोंदवा.