हळदीचे पेटंट आणि वसमत

जखमेवर हळद दाबावी, हे हिंगोली जिल्ह्यात कोणास शिकवावे लागत नाही. तरीही १९९५ साली अमेरिकेत या गुणाचे एकस्व, म्हणजे पेटंट, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली. परदेशातील घरगुती वहिवाट तेथील कायद्यास पुरेशी नव्हती. छापील आधार हवा होता. जुने ग्रंथ व १९५३ चा वैद्यकीय लेख पुढे ठेवल्यावर १९९७ साली पेटंट रद्द झाले. आजीबाईचे ज्ञान टिकले ते कागदामुळे!

२०२४ साली वसमत हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र त्याचा लाभ घेण्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि हे संरक्षण भारतापुरतेच आहे. परदेशी बाजारात नाव राखावयाचे तर त्या त्या देशाच्या कायद्याची वाट धरावी लागेल.