बाळू पालवणकर : विलायतेत नाव, घरी मान

वाचकहो, आपल्या उलव्याच्या शेजारी आता विमानतळ झाला आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमाने उडू लागली. पण शंभर वर्षांमागे विलायतेला जायचे म्हणजे मुंबईहून आगबोट धरावी लागे. १९११ साली आपल्या देशाचा एक क्रिकेट संघ असाच बोटीने इंग्लंडला गेला. पारशांचे संघ त्याआधी जाऊन आले होते. पण हिंदू, मुसलमान, पारशी, शीख असे सगळे मिळून गेलेला हा पहिलाच संघ. त्यात चांभार समाजाचे एक खेळाडू होते. त्यांचे नाव बाळू पालवणकर. त्यांची हकिगत आज आपण वाचू.

बाळूंचे घराणे कोकणातले. त्यांचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. वडील लष्करात नोकरीला होते. घरची गरिबी. बाळू पुण्यात एका पारशी क्लबाच्या मैदानावर कामाला लागले. मैदान झाडायचे, रोलर ओढायचा. पगार महिना ३ रुपये. पुढे ते इंग्रजांच्या पूना क्लबात गेले. तिथे ४ रुपये मिळू लागले.

साहेब लोकांना बॅटीचा सराव हवा असे. बाळू तासन् तास त्यांना चेंडू टाकीत. ग्रेग नावाचा साहेब तर रोज त्यांच्यासमोर उभा राही. डाव्या हाताने टाकलेला बाळूंचा चेंडू असा वळे की भले भले चकत. मात्र बाळूंच्या हाती बॅट कोणी देत नसे. गड्याने चेंडू टाकावा, बॅट साहेबाने धरावी, अशी ती रीत!

मग पुण्याच्या हिंदू संघाला वाटले, हा माणूस आपल्याकडे हवा. बाळू संघात आले. पण गंमत बघा, मंडळी. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावीत. चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसत, कपबशीतून चहा घेत. बाळूंना मात्र बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे. चेंडू विटाळत नव्हता, कप तेवढा विटाळत होता! याला काय म्हणावे?

पुण्यात प्लेग आला, तेव्हा बाळू मुंबईला आले. तिथे ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने मुंबईत इंग्रजांच्या संघाला हरवले. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता.

आता १९११ च्या दौऱ्याकडे येऊ. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग संघाचे कर्णधार होते. बाळूंचे धाकटे भाऊ शिवरामही संघात होते. हवा थंड, मैदाने परकी. संघाने २३ सामने खेळले. ६ जिंकले, १५ हरले. पण एकट्या बाळूंनी ११४ विकेट घेतल्या. केंब्रिज विद्यापीठाचे तर एका डावात ८ गडी त्यांनी बाद केले. संघ हरला, पण बाळूंचे नाव झाले. परत आल्यावर मुंबईत त्यांच्या समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या कामात एक तरुण विद्यार्थी पुढे होता. त्याचे नाव भीमराव आंबेडकर.

एवढे नाव झाले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. दर वर्षी दुसऱ्यालाच मिळे. खेळ सर्वांना हवा होता. खेळाडूच्या हुकमाखाली उभे राहायला मात्र कोणी तयार नव्हते.

१९२० साली शिवराम आणि विठ्ठल या भावांनी ठरवले, आता बस्स. पालवणकरांना पुन्हा डावलले, तेव्हा ते दोघे संघातून बाहेर पडले. का बाहेर पडलो, हे त्यांनी लोकांना उघड सांगितले. गवगवा झाला. त्याच हंगामात बाळू उपकर्णधार झाले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्याने वाट पाडली, धाकटा त्या वाटेने गेला. बाळू १९५५ साली मुंबईत वारले.

आम्ही हा धडा मुद्दाम निवडला. गुण असला की मान आपोआप मिळतो, असे पुष्कळ जण म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. ११४ विकेट घेऊनही बाळूंना तो मिळाला नाही. भाऊ पाठीशी उभे राहिले, स्पष्ट बोलले, तेव्हा दार उघडले. आपल्याकडे सुटीच्या दिवशी मोकळ्या प्लॉटवर पोरांचे सामने होतात. तिथे कर्णधार कोण, पाण्याची बाटली कोणाची कोण तोंडाला लावतो, हे जरा बघत जा. पोरे आपलेच बघून शिकतात.

शब्द समजून घ्या
आगबोट – वाफेवर चालणारे जहाज. गोलंदाज – चेंडू टाकणारा. डावलणे – मुद्दाम बाजूला ठेवणे.

सांगा आणि लिहा
१. बाळूंना चहा कशातून मिळे? का?
२. १९२० साली भावांनी काय केले?
३. तुमच्या गावात कोणाला असे डावलले जाते का? चार ओळी लिहा.