पडद्याची मागची बाजू

आमच्या गावच्या यात्रेत यंदा सिनेमाचा तंबू आला होता. आजोबा म्हणतात, पूर्वी दोन-दोन, तीन-तीन तंबू यायचे. यंदा एकच आला. या पाठात मी सिनेमाची माहिती देणार आहे. पण आधी आमच्या बाळूचे सांगावे लागेल, नाहीतर माहिती नीट कळायची नाही.

बाळू माझा धाकटा भाऊ. पहिलीत आहे. तो डावखुरा आहे. चेंडू डाव्याने फेकतो, लिहितोही डाव्यानेच. जेवताना डावा हात ताटात गेला की आजी चापट मारते. म्हणते, "जेवायचा हात उजवा." म्हणून तो हल्ली सगळ्यांचे झाल्यावर, भिंतीकडे तोंड करून जेवतो.

रात्री आप्पा आम्हा दोघांना सिनेमाला घेऊन गेले. पडद्यापुढची जागा भरली होती. आप्पा म्हणाले, "तू बाळूला घेऊन मागच्या बाजूला बस. मी दारापाशी उभा आहे." आम्ही पोते अंथरून बसलो. शेंगा होत्याच. तंबूतला पडदा म्हणजे पांढरे कापड. दोन खांबांना ताणून बांधलेले. उजेड त्यातून थोडा पलीकडे येतो, म्हणून मागे बसणाऱ्यांनाही चित्र दिसते. फक्त ते उलटे दिसते. उलटे म्हणजे पाय वर नव्हे. उजवे डावीकडे आणि डावे उजवीकडे.

सुरुवातीला नावे आली ती मला वाचता येईनात. बाळूला वाचताच येत नाही, त्यामुळे त्याचे काही अडले नाही.

मग लग्नाची पंगत आली. सगळी पंगत डाव्या हाताने जेवत होती! नवरा डाव्याने, नवरी डाव्याने, वाढपीसुद्धा डाव्याने वाढत होता. पुढे फौजदाराने सलाम ठोकला तोही डाव्याने. बाळू उभाच राहिला आणि मोठ्याने ओरडला, "ताई, बघ की! समदी माझ्यासारखीच हायती!" शेजारच्या बाया हसल्या. मला कारण कळले होते. पण त्याचे तोंड बघून मी गप्प बसले. सिनेमा काय होता ते मला पुढे फारसे आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी बाळू ताटावर बसला आणि सगळ्यांदेखत डाव्या हाताने भाकरी मोडली. आजीने हात उगारला. तो म्हणाला, "शिनेमात समदे असंच जेवत्यात." आजी माझ्याकडे बघायला लागली. मी ताटात बघायला लागले.

दुपारी मी तंबूकडे गेले. तिथे एक म्हातारे मशीनवाले काका होते. ते म्हणाले, आता रीळ नसते, सिनेमा संगणकाच्या डबीत असतो. पण पूर्वीच्या रिळाचा एक तुकडा त्यांनी मला दिला. तो मी पट्टीने मोजला. रुंदी 35 मिलिमीटर, लांबी साडेनऊ सेंटिमीटर. त्यात एकाखाली एक पाच चित्रे आहेत. प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोके आहेत. त्या भोकांत मशीनचे दाते अडकतात आणि रीळ पुढे ओढतात.

पाचही चित्रांत एकच एसटी आहे. पहिल्यांदा वाटते पाचही सारखीच. पण भिंगातून बघितले तर एसटी दर चित्रात केसभर पुढे गेलेली आहे. सिनेमातले कुठलेच चित्र हलत नाही. एका सेकंदात अशी 24 चित्रे पडद्यावर पडतात. एक जाऊन दुसरे येईपर्यंत मशीनचे पाते उजेड झाकते, म्हणून रीळ सरकताना दिसत नाही. इतकी भराभर आलेली चित्रे आपला डोळा आणि मेंदू वेगळी करू शकत नाहीत. आपल्याला वाटते एसटी चालली. अडीच तासांच्या सिनेमात 2 लाख 16 हजार चित्रे होतात. मी दोनदा गुणाकार केला.

गुरुजींनी सांगितले की दादासाहेब फाळके यांनी आधी वाटाण्याचे रोप उगवतानाची थोडी थोडी चित्रे घेतली आणि मग ती भराभर दाखवली. रोप डोळ्यांदेखत वाढले! नंतर त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. तो 1913 साली मुंबईत लागला. त्यात आवाज नव्हता. तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले होते, कारण बायका मिळेनात.

आता उलट्याचे बघू. रिळाचा तुकडा उजेडासमोर धरला की एसटीवरची पाटी वाचता येते. तोच तुकडा फिरवून धरला की पाटी उलटी होते. चित्र तेच, आपली बाजू बदलली. घरीही करून बघा. पातळ कागदावर जाड पेनाने आपले नाव लिहा. मागून थोडे खोबरेल लावा आणि दिव्यासमोर धरून दोन्हीकडून वाचा. 'ठ' आणि शून्य मात्र दोन्हीकडून जवळजवळ सारखेच दिसतात.

बाळूला खरे सांगायला मला आठ दिवस लागले. कागद करून दाखवला. तो म्हणाला, "म्हंजे ते उजव्यानंच जेवत हुते?" मी हो म्हणाले. तो उठून गेला. मला वाटले रडायला गेला. तर तो पाटी घेऊन कपाटाच्या आरशासमोर बसला होता. आजीला हाक मारून म्हणाला, "आजे, आरशात बघ. उजव्या हातानं लिवतुय का न्हाय?" आजीने वाकून बघितले. खरेच, आरशातला बाळू उजव्या हाताने लिहीत होता. आजी म्हणाली, "मग आजपासनं आरशातल्यालाच वाढते," आणि हसली.

गुरुजी म्हणतात, दहातला साधारण एक माणूस डावखुरा असतो, त्याला मारून बदलू नये. हे ते आप्पांनाही बोलले आहेत. आता लिहिण्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. जेवणाचे अजून ठरलेले नाही. पण बाळू भिंतीकडे तोंड करून बसत नाही.

रिळाचा तुकडा या कागदाच्या खाली दोऱ्याने बांधला आहे. खिडकीकडे धरून दोन्ही बाजूंनी बघा. हात धुऊन लावावा, आणि ओढू नये.