परवाना परीक्षेचा अभ्यास आणि परिचारिकेची दिनचर्या

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडून नर्सिंगकडे वळलेले माजी विद्यार्थी आज निरनिराळ्या रुग्णालयांत सेवेत आहेत. जी.एन.एम. अथवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण होऊन राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली, की आपल्याकडे परिचारिकेचे काम सुरू होते. अमेरिकेत मात्र पदवी हाती असली तरी एनक्लेक्स-आरएन ही परवाना परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांतही हीच परीक्षा चालते. ती भारतातील केंद्रांवर देता येते. रुग्णालयातील पाळ्या आणि घर सांभाळून तिची तयारी करणाऱ्या मुलींसाठी, आणि तितकेच त्यांच्या घरच्या मंडळींसाठी, हे चार शब्द.

ही परीक्षा संगणकावर होते. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अधिक कठीण येतो, चुकले की सोपा. कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ ५ तास. अशा रचनेमुळे हुशार मुलीलाही आपले निम्मे प्रश्न चुकत आहेत असे वाटत राहते. ते अपेक्षितच असते. एकदा पुढे गेल्यावर मागील प्रश्नाकडे परतता येत नाही. ‘सोपे आधी सोडवा, अवघड शेवटी पाहा’ ही आपण शाळेत लावलेली सवय येथे उपयोगी पडत नाही. परीक्षा ८५ प्रश्नांवर थांबली म्हणजे पास किंवा नापास, यांपैकी काहीही ठरवू नये.

खरी अडचण निराळीच आहे. आपल्या विद्यार्थिनीला व्याख्या, कारणे, लक्षणे, उपचार असे ओळीने लिहिण्याचा सराव असतो. येथे विचारले जाते ते असे: चार रुग्ण आहेत. एकाचे आंत्रपुच्छाचे ऑपरेशन काल झाले असून तो वेदनेने कण्हतो आहे; दुसऱ्याची साखर १८० आहे; तिसऱ्या रुग्णाचे थायरॉइडचे ऑपरेशन आज झाले असून श्वास घेताना घर्र आवाज येतो आहे; चौथ्याचे नातेवाईक घरी सोडण्याच्या कागदांसाठी घाई करीत आहेत. आधी कोणाकडे जाल? चौघांच्याही आजारांची माहिती मुलीला पाठ असते. पण गळ्याजवळ सूज किंवा रक्तस्राव होऊन श्वासमार्ग बंद होऊ शकतो, म्हणून तिसरा रुग्ण पहिला, हा निर्णय पाठांतरातून येत नाही. एप्रिल २०२३ पासून तर एकाच रुग्णाच्या नोंदींवर सलग सहा प्रश्न येतात: कोणती खूण महत्त्वाची, तिचा अर्थ काय, कोणता धोका आधी, काय करता येईल, काय कराल, आणि केल्याने गुण आला का.

येथे अनुभवी सिस्टरही अडखळतात, हे मी शिकविताना वारंवार पाहिले आहे. आपल्या वॉर्डात श्वास लागलेल्या रुग्णासाठी पहिला फोन डॉक्टरांना जातो. परीक्षेत आधी रुग्णाला उठते बसवणे, प्राणवायू देणे, तपासणे आणि मग कळविणे, हे अनेकदा अपेक्षित असते. रुग्णाचे पहिले मूल्यमापन, त्याला समजावून सांगणे ही कामे मदतनिसावर सोपविता येत नाहीत. आपल्याकडे गर्दीत मावशीच पुष्कळ काही पाहतात. औषधांची नावेही बदलतात: पॅरासिटामॉल तेथे ॲसिटामिनोफेन, ॲड्रेनालिन म्हणजे एपिनेफ्रिन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल. वजन पौंडांत दिलेले असते. १५४ पौंड म्हणजे ७० किलो, हे क्षणात सुचले पाहिजे.

म्हणून धडे पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा रोज प्रश्न सोडवावेत. पन्नास पुरेत, पण प्रत्येकाचे स्पष्टीकरण वाचावे. एक चुकांची वही ठेवावी आणि तीत बरोबर उत्तर उतरवून न थांबता आपण चुकीचे उत्तर का निवडले ते लिहावे. ‘रुग्ण ओरडत होता म्हणून त्याच्याकडे गेले’ असे एक वाक्य दहा पानांच्या टिपणांहून मोलाचे ठरते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींनी कारण मराठीत लिहिले तरी बिघडत नाही; प्रश्न मात्र इंग्रजीतच, मोठ्याने वाचावेत.

आता दिनचर्या. पहाटे घंटा झाली की उठायचे, ही वसतिगृहाची शिस्त चांगलीच. पण रात्रपाळी करणाऱ्या मुलीने ती जशीच्या तशी पाळू नये. रात्रभर जागून सकाळी नवा धडा उघडणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे. झोपेतच शिकलेले मनात पक्के होते. पाळीवरून आल्यावर खाऊन, खोलीत अंधार करून झोपावे, आणि उठल्यानंतरचे पहिले दोन तास अभ्यासाला द्यावेत. रात्रपाळीच्या आठवड्यात केवळ उजळणी करावी. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. परीक्षेपूर्वीच्या महिन्यात, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, परीक्षेच्याच वेळी सलग बसून पूर्ण सराव परीक्षा द्यावी. पाठ, डोळे आणि पोट यांनाही पाच तासांची सवय लागते. मधल्या सुट्ट्या ऐच्छिक असल्या तरी घ्याव्यात, मात्र तो वेळ पाच तासांतूनच जातो.

हे सारे एकट्या मुलीच्या हातात नसते. दिवसा झोपलेली सून किंवा मुलगी पाहून ‘ही आळशी झाली’ असे म्हणणारी घरे मी पाहिली आहेत. आई-वडिलांनी, सासरच्यांनी आणि पतीने तीन-चार महिने स्वयंपाक, पाणी, पाहुणे, लग्नकार्ये यांतून तिची वाटणी स्पष्टपणे कमी करावी. ‘जमेल तेव्हा अभ्यास कर’ असे सांगितले की तो तिला जमत नाही. शुल्क डॉलरमध्ये भरण्यासाठी कर्ज काढणारे पालक या दोन तासांच्या शांततेचा विचार क्वचितच करतात. खासगी वर्गाची फी भरणे त्या मानाने सोपे असते.

नोंदणी करताना नाव पासपोर्टवर जसे आहे अगदी तसेच द्यावे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींनी हे आधीच तपासावे. नाव जुळले नाही तर केंद्रात प्रवेश मिळत नाही.

निकालात गुण नसतात, केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. अनुत्तीर्ण झाल्यास कोणत्या विभागात पातळीच्या वर, जवळ किंवा खाली होतो याचा अहवाल मिळतो आणि ४५ दिवसांनंतर पुन्हा बसता येते. ‘खाली’ असा शेरा असलेल्या विभागापासूनच चुकांची वही पुन्हा उघडावी. त्या दिवसांत घरातील कामांची वाटणी मात्र पूर्वीसारखी करू नये.