सुतार आणि सागर

अठराव्या शतकाच्या आरंभी युरोपातील जहाजे दूरदूरच्या समुद्रांतून संचार करीत होती. परंतु भर समुद्रात आपले जहाज नेमके कोठे आहे, हे कोणत्याही कप्तानास खात्रीने सांगता येत नसे. उत्तरेस किंवा दक्षिणेस किती आलो, म्हणजेच अक्षांश कोणता, हे दुपारच्या सूर्याची अथवा ध्रुवताऱ्याची उंची मोजून कळे. पूर्वेस किंवा पश्चिमेस किती आलो, म्हणजेच रेखांश कोणता, हे समजण्यास मात्र आकाशात तशी सोपी खूण नव्हती. इ. स. १७०७ च्या ऑक्टोबर महिन्यात मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रजी आरमाराचा आपल्या स्थानाविषयीचा अंदाज चुकला. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस असलेल्या सिली बेटांच्या खडकांवर चार जहाजे फुटली आणि हजाराहून अधिक माणसे घराच्या उंबरठ्याशी येऊन बुडाली.

अशा अपघातांनी इंग्लंड हादरले. १७१४ साली तेथील पार्लमेंटने कायदा करून बक्षीस जाहीर केले. वेस्ट इंडीज बेटांपर्यंतच्या प्रवासात ज्या पद्धतीने रेखांश अर्ध्या अंशाच्या आत बरोबर सांगता येईल, ती शोधणाऱ्यास २०,००० पौंड मिळावयाचे होते. त्या काळी ही संपत्ती राजाला शोभेल एवढी होती.

हे कोडे खरे पाहता वेळेचे होते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते; म्हणजे एका तासास १५ अंश आणि चार मिनिटांस एक अंश. भारताची प्रमाण वेळ ८२½ अंश पूर्व रेखांशावरून ठरविली आहे. ८२½ ला १५ ने भागले की साडेपाच येतात. म्हणूनच ग्रीनिच येथे सकाळचे साडेसहा वाजतात, तेव्हा भारतात दुपारचे बारा वाजलेले असतात. खलाशालाही हाच हिशेब करता आला असता. जहाजावरील मध्यान्ह सूर्यावरून समजे. त्याच क्षणी मायदेशी किती वाजले आहेत, हे सांगणारे घड्याळ जवळ असले, की दोन्ही वेळांतील फरकावरून रेखांश काढता येत होता.

परंतु असे घड्याळ आणावयाचे कोठून? त्या काळची उत्तम घड्याळे लंबकावर चालत, आणि डोलणाऱ्या जहाजावर लंबकाची लय टिकत नसे. उष्ण प्रदेशात धातू प्रसरण पावे, थंडीत आकुंचन पावे. वंगणाचे तेल कधी पातळ होई, तर कधी घट्ट. सहा आठवड्यांच्या प्रवासात रेखांश अर्ध्या अंशाच्या आत सांगावयाचा, तर घड्याळ रोज तीन सेकंदांहून अधिक चुकता कामा नये. न्यूटनसारख्या थोर शास्त्रज्ञानेही पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितले, की कल्पना योग्य आहे. पण असे घड्याळ अद्याप कोणास बनविता आलेले नाही.

ते घड्याळ बनविले एका खेड्यातील सुताराने. त्याचे नाव जॉन हॅरिसन.

हॅरिसनचा जन्म १६९३ साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील फाउलबी या गावी झाला. वडील सुतार होते. पुढे हे कुटुंब हंबर नदीजवळील बॅरो या खेड्यात राहावयास गेले. जॉनने वडिलांचाच धंदा उचलला. करवत, रंधा आणि पटाशी हीच त्याची पहिली पाटी-पेन्सिल होय. विद्यापीठाचे दर्शन त्यास कधी घडले नाही. तथापि ज्ञानाची भूक मोठी होती. एका पाद्रीने त्यास केंब्रिजचे गणिताचे प्राध्यापक निकोलस साँडर्सन यांच्या व्याख्यानांची हस्तलिखित प्रत वाचावयास दिली. साँडर्सन हे लहानपणीच देवीच्या रोगाने दृष्टी गमावलेले अंध विद्वान होते. हॅरिसनने ती सारी वही, आकृत्यांसह, स्वतःच्या हाताने उतरून काढली आणि पुढे अनेक वर्षे जपून वापरली.

१७१३ साली, वयाची वीस वर्षे पुरी होतात न होतात तोच, त्याने आपले पहिले लंबकाचे घड्याळ तयार केले. ते जवळजवळ सर्वस्वी लाकडाचे होते. लाकडाची दातेरी चाके सहसा टिकत नाहीत; दाते मोडतात. पण लाकूड कोणत्या बाजूने दाब सोसते आणि कोणत्या बाजूने चिरते, हे सुतारास शिकवावे लागत नाही. हॅरिसनने ओकच्या लाकडाचे दाते असे कापून बसविले, की लाकडाचे तंतू प्रत्येक दात्याच्या टोकाकडे सरळ जावेत. त्यामुळे दात्यांना विलक्षण बळकटी आली.

पुढे ब्रॉक्लस्बी येथील एका जमीनदाराने आपल्या तबेल्यावरील मनोऱ्यासाठी त्यास घड्याळ करावयास सांगितले. १७२२ च्या सुमारास ते पुरे झाले. त्या काळी घड्याळ बिघडण्याचे मुख्य कारण म्हणजे त्यातील तेल. हॅरिसनने चांगले तेल शोधण्याच्या भानगडीत न पडता तेलाची गरजच नाहीशी केली. जेथे घर्षण होते तेथे त्याने लिग्नम व्हिटी नावाचे एक अत्यंत कठीण आणि स्वभावतःच तेलकट असे लाकूड वापरले. तेलाचा थेंबही न घेता ते घड्याळ पुढे दोनशेहून अधिक वर्षे चालत राहिले.

यानंतर जॉन आणि त्याचा धाकटा भाऊ जेम्स यांनी उष्णतेच्या प्रश्नास हात घातला. उन्हाळ्यात लंबकाची दांडी लांबते आणि घड्याळ मागे पडते. पितळ पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते, हे ध्यानात घेऊन त्यांनी दोन्ही धातूंच्या कांबी शेजारी शेजारी अशा जोडल्या, की पोलाद लंबकास जेवढे खाली नेईल, तेवढेच पितळ त्यास वर उचलून धरील. लंबकाची लांबी स्थिर राहिली. आता घड्याळाची परीक्षा घ्यावयाची, तर त्याहून अचूक घड्याळ खेड्यात कोठून मिळणार? त्यांनी आकाशातील ताऱ्यांनाच साक्षीस घेतले. ठराविक तारा रोज रात्री शेजाऱ्याच्या धुराड्याआड केव्हा जातो, हे ते खिडकीच्या कडेवरून पाहत. तारा रोज ३ मिनिटे ५६ सेकंद लवकर लपतो. घड्याळ तेवढाच फरक दाखवीत आहे ना, हे ते ताडून पाहत.

एवढी सिद्धता झाल्यावर, १७३० च्या सुमारास, हॅरिसन आपली रेखाटने घेऊन लंडनला गेला. राजज्योतिषी एडमंड हॅली यांनी त्यास जॉर्ज ग्रॅहम या नामांकित घड्याळजीकडे पाठविले. ग्रॅहमने सकाळपासून रात्रीपर्यंत त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि निरोप देताना बिनव्याजी पैसे उसने दिले. परक्या धंद्यातील अपरिचित माणसाचे गुण ओळखणारा हा घड्याळजीही मोठ्या मनाचा म्हटला पाहिजे.

१७३५ साली हॅरिसनचे पहिले सागरी घड्याळ पुरे झाले. वजन सुमारे ३४ किलो! त्यात लंबक नव्हता. त्याऐवजी स्प्रिंगांनी जोडलेले दोन दांडे एकमेकांविरुद्ध दिशेने झुलत. त्यामुळे जहाजाच्या हेलकाव्याने एकास जो धक्का बसे, तो दुसऱ्याच्या योगाने भरून निघे. १७३६ साली हे घड्याळ लिस्बनच्या प्रवासास गेले. परत येताना किनारा दिसला, तेव्हा अधिकाऱ्यांनी तो ‘स्टार्ट’ नावाचा भूशिराचा भाग मानला. हॅरिसनने सांगितले, की तो ‘लिझर्ड’ आहे. सुताराचे म्हणणे खरे ठरले. जहाज अंदाजापेक्षा सुमारे ६० मैल दूर होते.

पुढील वर्षी रेखांश मंडळाची सभा भरली. सभासद घड्याळावर प्रसन्न होते. हॅरिसनने वेस्ट इंडीजच्या परीक्षेची मागणी केली असती, तर ती बहुधा मान्य झाली असती. परंतु आपल्या घड्याळातील दोष सभेत त्यानेच सांगितले आणि याहून चांगले घड्याळ करण्यासाठी सवड व साहाय्य मागितले. दुसरे घड्याळ १७३९ च्या सुमारास झाले. जहाजाने वळण घेतले की त्यातील दांड्यांच्या गतीत फरक पडतो, असे त्यास आढळून आले. तेही त्याने बाजूस ठेवले. तिसऱ्या घड्याळावर त्याची सुमारे १९ वर्षे खर्च झाली. त्यासाठी त्याने पितळ व पोलाद यांची एकत्र जोडलेली पट्टी योजिली. उष्णतेने ती वाकत असे व घड्याळाची गती सावरीत असे. घर्षण कमी करण्यासाठी पिंजऱ्यात बसविलेल्या लहान रुळांचे बेअरिंगही त्याने केले. एवढे करूनही मनाजोगते यश येईना.

याच वेळी त्याच्या सूचनेवरून एका कारागिराने त्यास एक खिशातले घड्याळ करून दिले होते. हे लहानसे घड्याळ अपेक्षेपेक्षा फारच चांगले चालते, असे त्यास दिसले. जड यंत्राची गती संथ, म्हणून धक्क्याने ती सहज बिघडते. लहान चाक वेगाने मागेपुढे फिरत राहिले, तर जहाजाचे हेलकावे त्यास फारसे बाधत नाहीत, हे त्याच्या लक्षात आले. साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या या माणसाने आयुष्यभर धरलेली वाट सोडली आणि नवी धरली. १७५९ साली त्याचे चौथे घड्याळ तयार झाले. व्यास केवळ १३ सेंटिमीटर, वजन दीड किलोहून कमी.

१७६१ च्या नोव्हेंबरात त्याचा मुलगा विल्यम हे घड्याळ घेऊन जमैकाकडे निघाला. ८१ दिवसांनंतर, घड्याळाची आधी ठरविलेली दैनिक चूक हिशेबात धरता, ते अवघे पाच सेकंद मागे पडले होते. तरी मंडळाचे समाधान झाले नाही. जमैकाचा रेखांशच पक्का ठाऊक नाही, हे यश योगायोगाचेही असेल, असे आक्षेप निघाले. १७६४ साली बार्बाडोस बेटापर्यंत पुन्हा परीक्षा झाली. ४७ दिवसांत फरक ३९ सेकंदांचा, म्हणजे कायद्याने दिलेल्या मर्यादेच्या सुमारे एक तृतीयांश.

मंडळावरील खगोलशास्त्रज्ञांचा विश्वास चंद्र आणि तारे यांतील अंतर मोजण्याच्या पद्धतीवर अधिक होता. ती पद्धतही खरीच होती; परंतु तिची आकडेमोड प्रथम कित्येक तास चाले. मंडळाचा एक प्रश्न मात्र रास्त होता. एका कारागिराने एक अद्भुत घड्याळ केले. पण तसे दुसऱ्यास करता येईल काय? न येईल, तर हजारो जहाजांना त्याचा काय उपयोग? म्हणून १७६५ साली हॅरिसनला घड्याळ खोलून त्याचा प्रत्येक भाग समितीस समजावून द्यावा लागला. त्यास अर्धे बक्षीस मिळाले. बाकीचे मिळविण्यासाठी आणखी घड्याळे करून दाखवावी, अशी अट पडली. हॅरिसन हट्टी होता, आणि त्याचे लेखन दुर्बोध होते. पितळेत जे तो स्वच्छ मांडी, ते कागदावर गुंतून जाई. त्यामुळे वाद वाढत गेला.

शेवटी वृद्ध हॅरिसनने पाचवे घड्याळ केले. १७७२ साली राजा तिसरा जॉर्ज याने आपल्या वेधशाळेत ते तपासविले आणि ते उत्तम ठरले. राजाच्या पाठिंब्याने पार्लमेंटने १७७३ साली त्यास ८,७५० पौंड दिले. त्या वेळी त्याचे वय ८० वर्षांचे होते. दरम्यान लार्कम केंडॉल नावाच्या घड्याळजीने चौथ्या घड्याळाची हुबेहूब प्रत केली होती. कप्तान जेम्स कुक ती १७७२ ते १७७५ च्या सफरीत बरोबर घेऊन गेला आणि परत आल्यावर त्याने तिची वाखाणणी केली. दुसऱ्याच्या हातूनही तसे घड्याळ होते, हे सिद्ध झाले. १७७६ च्या मार्च महिन्यात हॅरिसनने देह ठेवला.

त्याची पहिली चार सागरी घड्याळे ग्रीनिचच्या वेधशाळेत जतन केलेली आहेत. तिसऱ्या घड्याळासाठी त्याने योजिलेल्या दोन धातूंच्या पट्टीचे तत्त्व आपल्या घरच्या विजेच्या इस्त्रीतही काम करीत असते. इस्त्री पुरेशी तापली की तशीच पट्टी वाकून वीज तोडते.

हॅरिसनच्या चरित्रात हात आणि बुद्धी यांची फारकत कोठेच दिसत नाही. लाकडाने त्यास बळकटी शिकविली, तेलाच्या त्रासाने त्यास घर्षणाचा विचार करावयास लावले, आणि तापलेल्या पितळेने त्यास धातूंचा स्वभाव सांगितला. जे हाताने घडविले, त्याचा दोष त्याने डोळ्यांआड केला नाही. वर्षांमागून वर्षे खर्ची घातलेली वस्तूही, ती सदोष आहे असे पटताच, दूर सारण्याचे धैर्य त्यास होते. पुढे समुद्रावर गेलेल्या असंख्य खलाशांस त्या धैर्याचा लाभ झाला.

स्वाध्याय

१. समुद्रावर रेखांश काढण्यासाठी अचूक घड्याळ का लागते, ते उदाहरणाने स्पष्ट करा.
२. सुतारकामाचे ज्ञान हॅरिसनला घड्याळे बनविताना कोठे कोठे उपयोगी पडले?
३. रेखांश मंडळाच्या सभेत हॅरिसनने स्वतःच आपल्या घड्याळाचे दोष सांगितले. यावरून त्याचा कोणता गुण दिसतो?
४. ‘मंडळाचा एक प्रश्न मात्र रास्त होता.’ तो प्रश्न कोणता? तो रास्त होता असे तुम्हांस वाटते काय? कारणे द्या.
५. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराचे काम जवळून पाहा व त्याविषयी दहा ओळी लिहा.