ॲबिगेल ॲडम्सची पत्रे : इतिहासाच्या पाठास एक पूरक वाचन

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा पाठ घेताना ४ जुलै १७७६ ही तारीख आणि चारपाच थोर पुरुषांची नावे फळ्यावर लिहिली, की पाठ पुरा झाला असे वाटते. मुले ती नावे घोकतातही. परंतु जे त्या सभागृहात नव्हते त्यांना तो प्रसंग कसा दिसला, हे कळल्यावाचून त्या तारखेत जीव येत नाही. यासाठी एक उत्तम साधन उपलब्ध आहे. ते म्हणजे मॅसॅच्युसेट्स प्रांतातील ॲबिगेल ॲडम्स या तरुण स्त्रीने आपल्या पतीस लिहिलेली खासगी पत्रे.

ॲबिगेलचा जन्म १७४४ साली वेमथ या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. तिला शाळेत कधीच घातले नाही. घरातील ग्रंथ हीच तिची शाळा. तिच्या पत्रांत शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत, पण विचारांत गोंधळ नाही. १७६४ मध्ये तिचा विवाह जॉन ॲडम्स या वकिलाशी झाला. १७७४ पासून वसाहतींच्या काँग्रेससाठी जॉन सुमारे ३०० मैल दूर फिलाडेल्फियास राहू लागला आणि बोस्टनजवळच्या ब्रेनट्री येथील शेत, गडीमाणसे व चार मुले यांचा भार तिच्यावर पडला.

युद्ध तिने प्रत्यक्ष पाहिले. १७ जून १७७५ रोजी बंकर हिलच्या लढाईचा तोफांचा आवाज ऐकून ती सात वर्षांच्या मुलाला घेऊन जवळच्या टेकडीवर गेली, आणि दूरवर चार्ल्सटाउन जळत असलेले त्या मायलेकांनी पाहिले. (हाच मुलगा, जॉन क्विन्सी, पुढे अमेरिकेचा सहावा अध्यक्ष झाला.) त्याच शरद ऋतूत हगवणीच्या साथीत तिची आई वारली.

१७ मार्च १७७६ रोजी इंग्रज सैन्य बोस्टन सोडून गेले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, ३१ मार्च रोजी, तिने जे पत्र लिहिले ते वर्गात सांगण्याजोगे आहे. त्यात मोठ्या गोष्टी आणि घरगुती गोष्टी एकमेकींच्या शेजारी येतात. बंदुकीच्या दारूसाठी सोरा करतेस काय, असे जॉनने विचारले होते. साबण करून झाला की तोही प्रयोग करून पाहीन, तूर्त मुलांना अंगभर कपडे पुरविण्यातच वेळ जातो, असे ती कळविते. त्याच पत्रात ती एक अवघड शंका काढते : जे इतरांना गुलाम करून ठेवतात त्यांची स्वातंत्र्याची ओढ खरीच तितकी तीव्र असेल काय? व्हर्जिनिया प्रांताच्या लोकांना उद्देशून हे लिहिले असले, तरी तिच्या स्वतःच्या माहेरीही गुलाम होते, हे शिक्षकाने लपवू नये.

आणि पुढे मुख्य मागणी येते. नवे कायदे कराल तेव्हा स्त्रियांची आठवण ठेवा, पतींच्या हाती अनिर्बंध सत्ता देऊ नका. ज्या कायद्यांत आम्हांला आवाज नाही ते आम्ही बंधनकारक मानणार नाही, असे ती बजावते. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, हा वसाहतींचा राजाविरुद्धचा युक्तिवाद तिने येथे घरच्या धन्याविरुद्ध वापरला.

१४ एप्रिलच्या उत्तरात जॉनने ही गोष्ट हसण्यावारी नेली. परंतु २६ मे रोजी जेम्स सलिव्हन या कायदेपंडितास लिहिताना त्याने हाच प्रश्न गंभीरपणे घेतला. मताधिकाराची अट एकदा बदलू लागले तर स्त्रियाही मत मागतील, अशी भीती त्याने तेथे व्यक्त केली. पत्नीचे म्हणणे त्याला कळले नव्हते असे नाही. ही दोन्ही उत्तरे शेजारी ठेवावीत आणि जॉन दुष्ट होता असे मुलांच्या मनावर ठसवू नये.

जुलैमध्ये ॲबिगेल चारही मुलांना देवी टोचून घेण्यासाठी बोस्टनला गेली होती. तेथे १८ जुलै रोजी सरकारी वाड्याच्या सज्जातून जाहीरनामा वाचला गेला, तेव्हा ती गर्दीत उभी होती. घंटा वाजल्या, तोफा झाल्या, राजचिन्हे उतरवून जाळण्यात आली. हे सारे तिने पतीस आनंदाने कळविले. मात्र १४ ऑगस्टच्या पत्रात ती पुन्हा आपल्या प्रश्नाकडे वळते. मुलांना शिकविताना आपल्या अपुऱ्या शिक्षणाची उणीव तिला रोज जाणवत होती. राष्ट्राला विद्वान व मुत्सद्दी हवे असतील तर स्त्रियाही सुशिक्षित हव्यात, असे तिने लिहिले.

जॉनने प्रामुख्याने रचलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेत विद्याप्रसार हे शासनाचे कर्तव्य ठरले. मत मात्र २१ वर्षांवरील, मालमत्ता असलेल्या पुरुषांनाच मिळाले. ॲबिगेल १८१८ साली वारली. मतदानात स्त्री म्हणून भेद करण्यास साऱ्या देशात बंदी आली ती १९२० मध्ये.

वरच्या इयत्तेत हा भाग सांगून झाल्यावर ३१ मार्चच्या पत्राला दहा ओळींचे उत्तर लिहून घ्यावे. मुलींनी जॉनच्या वतीने उत्तर लिहावे, आणि मुलांनी ॲबिगेलच्या वतीने त्याला प्रत्युत्तर द्यावे.